खुर्चीतला तो राक्षस आणि आपण : ‘प्रोमीथियस’ पाहिल्याचे अनुभव लिहा

गिरगावकर (धागा काढणारा)

१९८८ची मे महिन्याची सुट्टी. आमच्या चाळीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचे. चार कॅसेट यायच्या. तीन हिंदी, चौथी दुकानदार देईल ती. त्या वर्षी चौथी निघाली दिग्दर्शक रिडली स्कॉटचा १९७९चा अंतराळातला भयपट ‘एलियन’. ती लागेपर्यंत पहाटेचे अडीच वाजले होते आणि गच्चीवर आम्ही पाच जण जागे होतो. माणसाची छाती फोडून त्या परक्या जीवाचं पिल्लू बाहेर आलं तेव्हा पाचातले दोन खाली गेले.

माझ्या डोक्यात मात्र पिल्लू राहिलंच नाही. राहिला तो खुर्चीतला राक्षस. परक्या यानात, भल्यामोठ्या दुर्बिणीसारख्या यंत्रासमोर बसलेला, दगड झालेला, खुर्चीतूनच उगवल्यासारखा. बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या. कॅसेट घासलेली, पडद्यावर पांढऱ्या रेघा धावतायत आणि त्यातून तो दिसतोय. मी दादाला विचारलं, हा कोण? दादा म्हणाला, “पुढच्या पार्टमध्ये सांगतील.”

१९८६च्या पार्टमध्ये नाही, १९९२च्या नाही, १९९७च्याही नाही. शेवटी जून २०१२मध्ये खुद्द स्कॉटने ‘एलियन’च्या आधीची गोष्ट सांगणारा प्रीक्वेल आणला, ‘प्रोमीथियस’. मी ऑफिसातून हाफ डे टाकला, राष्ट्रगीताला सगळ्यांत आधी उभा राहिलो. आणि मग तो क्षण आला. खुर्चीतल्या राक्षसाची ती सोंड, तो हाडांचा चेहरा म्हणजे निव्वळ शिरस्त्राण. ते काढलं, तर आत गोरापान, टकला, आपल्यासारखाच माणूस. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “एवढंच?” पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

नंतर चर्चगेटच्या सबवेत आम्ही चौघे असे भांडलो की दोन बोरिवली फास्ट सोडल्या. एकाला तो वर्षातला सर्वोत्तम सिनेमा वाटला होता. आमचं अजून एकमत नाही.

तर लिहा. कुठे पाहिला, कोणाबरोबर, बाहेर पडताना काय वाटलं, पुन्हा पाहिल्यावर मत बदललं का. पुढचे ‘कॉव्हेनंट’ (२०१७), ‘रोम्युलस’ (२०२४) आणि २०२५ची मालिकाही चालेल. रहस्यभेद सर्रास होणार, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

परळची सिस्टर

मी ऑपरेशन थिएटरला आहे, एकोणीस वर्षं. भावाने नेलं म्हणून गेले, मला हे असले जीव-बीव आवडत नाहीत.

सगळ्यांना लक्षात आहे तो प्रसंग म्हणजे नायिका डॉ. शॉ (नूमी रापास) स्वतःला यानावरच्या ऑपरेशनच्या मशीनमध्ये झोपवून पोटात वाढलेलं ते जनावर काढून घेते. माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी डोळे झाकले. मी झाकले नाहीत, कारण मी मोजत होते. चिरा घेतला, चिमट्याने उचललं, स्टेपल मारले, आणि ही बाई उठून पळाली! अहो, आमच्याकडे सिझेरियनच्या बाईला दुसऱ्या दिवशी पलंगावरून खाली उतरवायचं तर एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा पोटावर, आणि बाथरूमपर्यंतची पंधरा पावलं जायला दहा मिनिटं लागतात. खोकला आला तरी डोळ्यांत पाणी. ही उड्या मारतेय, दोरीला लटकतेय.

पण एक गोष्ट घरी जाताना सुचली. ते मशीन म्हणतं, मी फक्त पुरुष पेशंटसाठी सेट केलेलं आहे. थिएटरात लोक हसले. मी नाही हसले. यानावर बायका आहेत, मशीन एका बाईच्याच कक्षात ठेवलंय, आणि कोणालाच वाटलं नाही की बाईलाही कधी ते लागेल. हे लिहिणाऱ्याने कुठल्यातरी हॉस्पिटलात नक्की दिवस काढले असणार.

भीतीचं म्हणाल तर मला ते जनावर नाही, स्टेपलचा आवाज. तो अगदी बरोबर होता.

साइडला_पळ

शेवटी ते गोल यान चाकासारखं गडगडत येतं आणि शार्लीझ थेरॉन त्याच्या पुढे सरळ रेषेत पळत राहते. आमच्या शोला मागून एकाचा आवाज आला, “अगं ताई, साइडला हो की!” अख्खं थिएटर फुटलं. पुढची दहा मिनिटं कोणी घाबरलंच नाही. एवढंच लिहायचं होतं.

बोरिवलीचा सर्पमित्र

गिरगावकर काका, मी पण त्याच वर्षी बघितला, मित्रांबरोबर. तो मिलबर्न नावाचा बायोलॉजिस्ट आठवतो ना? काळ्या पाण्यातून पांढरा सापासारखा जीव वर येतो, नागासारखा फणा पसरतो, आणि हा त्याच्याशी लाडात बोलत हात पुढे करतो. मित्रांनी माझ्याकडे बघून दात काढले. मी पण शिव्या घातल्या. फणा काढला म्हणजे जनावर सांगतंय, मागे हो. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात : आधी अंतर, मग हूक, मग पिशवी.

नंतर काही वर्षांनी नॅशनल पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीतून कॉल आला. मीटरच्या खोलीत नाग. मी तोवर शंभरावर पकडले असतील. जिन्यावर बायका-पोरं, पाच-सहा मोबाइल माझ्यावर रोखलेले. नाग दमलेला वाटला, आणि मी हूक न वापरता शेपटीला हात घातला. का घातला? लोक बघत होते म्हणून. तो वळला, माझ्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर तोंड आपटलं त्याने. पँटला विष लागलं होतं, घरी येऊन आईच्या नकळत धुतली.

त्या रात्री मला मिलबर्नच आठवला. तो घाबरलेला असतो, सोबतच्या फायफील्डसमोर घाबरलेलं दिसायचं नसतं. लोक म्हणतात शास्त्रज्ञ एवढे मूर्ख नसतात. अनोळखी हवेत हेल्मेट काढतात त्यावर बोला, ते मलाही पटत नाही. पण तो साप-प्रसंग मूर्खपणाचा नाही. माहीतगार माणूसच असा मरतो.

गिरगावकर

दादा, आता हूक वापरता ना?

बोरिवलीचा सर्पमित्र

आईला कळलं शेवटी. तिने हुकालाच नाडी बांधून दिलीय.

शीव-ट्रेकर

फायफील्ड हा भूगर्भतज्ज्ञ. त्याचेच उडते गोळे अख्ख्या भुयाराचा नकाशा काढतात, आणि रस्ता चुकतो तोच! यावर माझा राग दहा वर्षं टिकला. मग मागच्या पावसाळ्यात फोनमध्ये ऑफलाइन नकाशा असताना मी धुक्यात दोन तास एकाच ओढ्याभोवती फिरलो. राग गेला. सिनेमा अजून आवडत नाही.

पार्ल्याच्या बाई

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, आता निवृत्त आहे. भाच्याने मला हा चित्रपट एका वेगळ्याच कारणासाठी दाखविला. इतरांच्या लिहिण्यात त्याचा उल्लेख दिसला नाही, म्हणून लिहिते.

सारे प्रवासी गाढ झोपेत असताना डेव्हिड हा यंत्रमानव (मायकल फासबेंडर) यानावर एकटा वावरतो. सायकल चालवतो, चित्रपट पाहतो, आणि एका भाषातज्ज्ञाच्या प्रतिमेसमोर बसून कसलेसे पाठांतर करतो. ती प्रतिमा म्हणजे अनिल बिल्टू, लंडनचे खरेखुरे भाषातज्ज्ञ. आणि ते पाठांतर म्हणजे मेंढी आणि घोडे यांची गोष्ट. श्लायशर नावाच्या जर्मन पंडिताने १८६८ मध्ये ती रचली. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांची जी एक आद्य जननी असावी असे मानतात, ती कशी असेल हे दाखविण्यासाठी. चित्रपटातला पाठ नव्या संशोधनाप्रमाणे बदललेला आहे, पण श्लायशरच्या मूळ पाठात ‘अविस्’ आहे, ‘अक्वम्स’ आहे, ‘ददर्क’ आहे. संस्कृतात अवि म्हणजे मेंढी, अश्वान् म्हणजे घोड्यांना, ददर्श म्हणजे पाहिले. ‘क’च्या जागी ‘श’ ठेवा, आपल्या ओळखीचे घर दिसू लागते. भाच्याला मी हे वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखविले, चहा निवला.

गोष्ट छोटी आहे. लोकर नसलेली मेंढी घोडे पाहते. एक जड गाडा ओढतो आहे, एक मोठे ओझे वाहतो आहे, एकाच्या पाठीवर माणूस. ती म्हणते, माणूस तुम्हांला हाकतो हे पाहून मला वाईट वाटते. घोडे म्हणतात, बाई, माणूस तुझ्याच लोकरीचे उबदार वस्त्र घालतो, आणि तुझ्या अंगावर लोकर नाही. हे ऐकून मेंढी माळावर पळून जाते.

आता ही गोष्ट कोण पाठ करतो आहे? माणसांनी कामासाठी घडविलेला चाकर. पुढे ‘कॉव्हेनंट’मध्ये तो काय करतो हे पाहिल्यावर मला ते दोन मिनिटांचे पाठांतर अधिक भयंकर वाटले. राक्षस कोण होता याची चर्चा तुम्ही मंडळी करा. मला त्या चित्रपटात डेव्हिडच दिसतो.

साइडला_पळ

बाई, मी तीनदा पाहिला आणि तिन्हीदा तिथे पॉपकॉर्न आणायला गेलो होतो. आज परत बघतो.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

माझा जन्म २००१चा. लॉकडाऊनमध्ये मी हे सगळं कथेतल्या सालांप्रमाणे पाहिलं. आधी ‘प्रोमीथियस’ (२०९३), मग ‘कॉव्हेनंट’ (२१०४), मग तुमचा ‘एलियन’ (२१२२). त्यामुळे तुमचं चोवीस वर्षांचं दुःख मला झालंच नाही, सॉरी काका.

आमच्याकडे आणखी एक मज्जा. शिरस्त्राणातले ते टकले, म्हणजे माणसाला निर्माण करणारे, त्यांचं नाव सिनेमात ‘इंजिनियर’. बाबा इंजिनियर, काका इंजिनियर, मला आर्ट्सला जायचं होतं म्हणून घरात आठवडाभर अबोला. बाबा मागून येऊन दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “बघ, शेवटी सगळं इंजिनियरनीच केलंय.” मी म्हटलं, पुढे बघा, तेच सगळ्यांना मारायला निघालेत.

पण एक खटकलं. ‘प्रोमीथियस’चे इंजिनियर माणसापेक्षा जरा उंच, एवढेच. ‘एलियन’मधला खुर्चीतला केवढा थोरला आहे! शिवाय उपग्रहही वेगळा, ‘प्रोमीथियस’मध्ये एलव्ही-२२३, ‘एलियन’मध्ये एलव्ही-४२६. मग हे दोघे एकाच जातीचे कसे?

गोरेगाव, कला विभाग

याचं उत्तर मी देतो, सेट लावण्यातच केस पांढरे झालेत. १९७९ला ती खुर्ची खरीच मोठी बांधली होती, चित्रकार एच. आर. गीगर यांच्या कल्पनेतून. तरी स्कॉटला ती कमी वाटली. म्हणून लांबच्या शॉटला त्याने मोठ्या नटांच्या जागी लहान मापाचे स्पेससूट घालून मुलं उभी केली, त्यात त्याची स्वतःची दोन. मुलं लहान, म्हणून राक्षस दुप्पट. आमच्याकडे पण चालतं हे. मागच्या भिंतीची दारं लहान करा, वाडा लांब दिसतो.

म्हणजे गिरगावकर, तुम्ही गच्चीवर जे बघितलं ते अर्धं पोरांच्या उंचीचं काम होतं.

प्रीक्वेलला शिव्या घालणाऱ्यांनी एक मात्र बघावं. इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओत त्यांनी खरे सेट उभे केले. ते मोठं डोकं, त्या बरण्या, भिंतींचे कातीव पन्हाळे. मी थिएटरात गोष्ट सोडून भिंतीच बघत होतो. ओल्या दगडाची चमक पीओपीवर आणणं सोपं नाही. आमच्या एका गुहेला शूटिंगच्या आदल्या रात्री मी स्वतः वॉर्निशचे तीन हात दिलेत, तरी कॅमेऱ्यात ती गुळाच्या ढेपेसारखी दिसली. तर गोष्ट फसली असेल, गुहा फसली नाही.

गोराईची ईस्ट इंडियन

माझं डॉ. शॉ हिच्यावर प्रेम होतं. आई नसलेली मुलगी, बापाचा क्रूस गळ्यात. डेव्हिड तो काढून ठेवतो आणि शेवटी ती म्हणते, माझा क्रूस कुठे आहे? एवढं सगळं झाल्यावर! आमच्या चर्चच्या युथ ग्रुपमध्ये यावर तास रंगला होता, निम्मे म्हणाले सिनेमा देवाविरुद्ध आहे. मी म्हटलं, तीच एकटी उत्तर शोधायला पुढे निघाली, घरी नाही परतली.

आणि २०१७ला कळलं, तिला दोन सिनेमांच्या मधल्या रिकाम्या जागेत मारून टाकलंय. पडद्यावर दाखवायची तसदीही नाही. प्रेक्षकांनी ‘एलियन’मधलं ते जनावर पाहिजे म्हणून ओरडा केला, जनावर मिळालं, शॉ गेली. माझी कोणी माफी मागितली नाही. मालिका मी बघितलेली नाही, बघणार पण नाही.

मुलुंडचे आजोबा

नातवाने थ्रीडीला नेलेले. थिएटरचे नाव घेत नाही. चष्म्यावर कोणाच्या तरी बोटांचे तेलकट ठसे, एसी बंद, आणि ते दोघे भुयारात अडकले तिथेच कचकन मध्यंतर. काळ्या चष्म्यातून काळी गुहा. मला शेवटपर्यंत वाटत होते की वीज गेली आहे. समोसा बरा होता.

गिरगावकर

सगळ्यांचं वाचून काल रात्री ‘एलियन’ आणि ‘प्रोमीथियस’ दोन्ही लागोपाठ पाहिले. बाजूला मुलगा होता, त्याने सुरुवात ‘रोम्युलस’पासून केलीय. खुर्चीचा प्रसंग आला तेव्हा मी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, ही बघ, ही लहान मुलं आहेत सूटमध्ये. तो म्हणाला, “बाबा, असं सांगू नका ना. मला मोठा दिसत होता तो.”

दादरची नवी सभासद

मी यातलं काहीच पाहिलं नाही, भीती वाटते. फक्त एक सांगा, ‘एलियन’मधलं ते पिवळं मांजर वाचतं का?

साइडला_पळ

वाचतं ताई. जोन्सी दुसऱ्या भागातही आहे. प्रीक्वेलमध्ये मांजरच नाही, मला वाटतं सगळा घोळ तिथेच झाला.