सिंह सोडून ससा? पोर्कुनाच्या पुतळ्यांतला तो शिकारी नक्की कोण

खडूस_इतिहासप्रेमी

स्पेनच्या दक्षिणेला हाएन प्रांतात पोर्कुना नावाचं गाव आहे. नजर जाईल तिथवर ऑलिव्हच्या बागा. १९७५ साली या गावाजवळ सेरियो ब्लांको, म्हणजे अक्षरशः 'पांढरी टेकडी', इथे एक चर सापडला. त्यात दगडी पुतळ्यांचे हजाराहून जास्त तुकडे पुरलेले, वरून दगडी लाद्या घातलेल्या. पुतळे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याचे. घडवणारे लोक इबेरियन, म्हणजे रोमन यायच्या आधी स्पेनच्या पूर्वेला आणि दक्षिणेला राहणारे.

तुकडे जुळवत गेल्यावर जे उभं राहिलं ते थक्क करणारं आहे. छातीवर धातूची गोल तबकडी बांधलेले योद्धे. घोड्यावरून उतरून, खाली पडलेल्या शत्रूवर भाला चालवणारा एक जण. ग्रिफिनशी (गरुडाचं तोंड, सिंहाचं धड) हातघाईवर आलेला दुसरा. कुस्ती खेळणारे दोघे. आणि या सगळ्या रणधुमाळीत एक माणूस शांतपणे हातात मेलेला ससा लोंबकळत धरून उभा, पायाशी कुत्रा. आणखी एकाच्या हातात तित्तर.

माझं म्हणणं असं: हा ससेवाला त्या घराण्याचाच माणूस आहे, राजाच म्हणा ना. लढाई, राक्षसी प्राण्याशी झुंज आणि शिकार ही एकाच सत्तेची तीन तोंडं. 'ही जमीन आमची, हिच्यावरचं जनावर आमचं' एवढंच तो पुतळा सांगतो. त्यात भक्तिभाव वगैरे शोधणाऱ्यांशी वाद घालायला मी तयार आहे.

रानवाट

वाद घालायला तुम्ही कायमच तयार असता. पण यावेळी पाय घसरलाय.

राजाची शिकार म्हणजे वाघ, रानडुक्कर, गेलाबाजार सांबर. ससा आणि तित्तर? आमच्या भागात फासेपारधी फास लावून हेच दोन पकडायचे आणि बाजाराच्या दिवशी विकायला आणायचे. ससा ही हातावर पोट असणाऱ्याची शिकार. ज्याला स्वतःचा रुबाब दगडात कोरून ठेवायचाय तो हातात ससा धरून उभा राहील? गावच्या पाटलाने मिशीला पीळ देत उंदीर मारल्याचा फोटो काढून घेतल्यासारखं झालं ते.

तो नोकर आहे. मालकाच्या मेजवानीसाठी माल घेऊन आलाय. बास.

खडूस_इतिहासप्रेमी

@रानवाट, उंदराचा फोटो आवडला. पण तुम्ही आपल्या रानाचं माप त्यांच्या रानाला लावताय. त्या काळच्या भूमध्य समुद्राकाठी सशाची शिकार ही खानदानी पोरांची तालीम होती. झेनोफोन हा अथेन्सचा सरदार माणूस. त्याच्या नावावर शिकारीवर एक आख्खा ग्रंथ आहे आणि त्याची बरीचशी पानं सशासाठी खर्ची पडली आहेत. कुत्री कोणत्या जातीची घ्यावीत, त्यांना नावं कशी ठेवावीत, माग कधी ताजा असतो, जाळी कुठे लावावी. शेवटी तो काय म्हणतो? शिकारीतून चांगला सैनिक तयार होतो. ग्रीक भांड्यांवर तर ससा प्रेमाची भेट म्हणून दिलेला दिसतो. म्हणजे हे जनावर तिथे हलकं नव्हतं.

आणि पोर्कुनाच्या शिकाऱ्याबरोबर कुत्रा आहे, हे विसरू नका. फास लावणाऱ्याला कुत्रा लागत नाही.

रानवाट

लागतो हो, कधी रानात गेलात तर कळेल. असो.

पण तुम्ही हळूच ग्रीस आणलंत. झेनोफोन त्यानंतरच्या पिढीचा, राहिला दोन समुद्र पलीकडे. त्याच्यावरून हाएनच्या डोंगरातल्या माणसाची पत ठरवायची?

पाथरवटाची_लेक

दगडाच्या बाजूने दोन शब्द. आमच्या घरात तीन पिढ्या टाकी-हातोडा चालतोय, त्यामुळे मी फोटो बघताना आधी श्रम मोजते, मग अर्थ.

हे भिंतीवरचं उठावकाम नाही. चारी बाजूंनी कोरलेली, सुटी उभी राहणारी शिल्पं आहेत. दगड मऊ, बारीक कणांचा आणि फिकट. असा दगड खाणीतून नवा काढला की टाकी लोण्यासारखी चालते, हे खरं. पण माणूस, त्याच्या हातातला ससा आणि पायाशी कुत्रा हे सगळं सुटं दाखवायचं म्हणजे आतल्या पोकळ्या काढताना जीव टांगणीला लागतो. मऊ दगडाचा पातळ भाग चुकीच्या ठोक्याला पटकन उडतो. योद्ध्याला जेवढे दिवस लागले असतील तेवढेच या ससेवाल्याला लागले असणार, कदाचित जास्तच.

तर @रानवाट, नोकरासाठी एवढा खर्च कोण करतो? उठावकामाच्या पट्टीत नोकर मागे उभा करतात, स्वतंत्र पुतळ्यात नाही.

पण @खडूस, तुमचंही सगळं मान्य नाही. 'राजा' कशावरून? डोक्यावर काही खूण आहे का? बहुतेक पुतळ्यांची तर डोकीच धडावर नाहीत.

उलटतपासणी

मला दोन्ही बाजू उथळ वाटतात, माफ करा.

स्पेनचे पुरातत्त्वज्ञ आंतोनियो ब्लांको यांनी १९८७-८८ मध्ये या पुतळ्यांवर तीन लेख लिहिले. पहिला योद्ध्यांवर, तिसरा प्राण्यांवर. दुसऱ्याचं शीर्षक 'पुरोहित आणि शिकारी'. शिकाऱ्यांना त्यांनी योद्ध्यांच्या पंगतीत नाही बसवलं, पुरोहितांच्या पंगतीत बसवलं. लेखांची सोयीस्कर विभागणी म्हणून सोडून देता येईल, पण मला त्यात नजर दिसते. याच समूहात पायघोळ वस्त्रातली एक व्यक्ती दोन्ही बाजूंना बोकड धरून उभी आहे. ते काही शेळ्या राखायला निघालेलं माणूस नाही. तिच्या शेजारी ससा आणि तित्तर धरलेली माणसं ठेवून बघा, चित्र बदलतं: प्रत्येकाच्या हातात एक जनावर, प्रत्येक जण काहीतरी घेऊन आलाय. कोणासाठी? देवासाठी किंवा घराण्याच्या मूळपुरुषासाठी.

म्हणजे हा शिकारीचा देखावा नाहीच. शिकार झालेली आहे. ससा मेलेला आहे. कुत्रा धावत नाही. शिल्पकाराला पाठलाग दाखवायचा असता तर त्याने तो दाखवला असता. झुंज कशी कोरायची हे ग्रिफिनवाल्या पुतळ्यात त्याने दाखवलंच आहे. ससेवाल्याच्या वेळी त्याने मुद्दाम शांतता निवडली.

रानवाट

हे पटलं. निदान 'कुत्रा धावत नाही' हे तरी पटलं. आणि मग माझा नोकरही जिवंत राहतो: नैवेद्य घेऊन येणारा सेवक.

पाथरवटाची_लेक

तुमचा नोकर काही मरायला तयार नाही.

हाएनचा_पाहुणा

कामानिमित्त चार वर्षं अंदालुसियात (दक्षिण स्पेन, हाएन त्यातच येतं) आहे, म्हणून लिहितोय. हे पुतळे हाएन शहरातल्या संग्रहालयात आहेत. मी दोनदा जाऊन पाहिले. फोटोत ते थोराड वाटतात, समोर गेल्यावर कळतं की ते खऱ्या माणसापेक्षा थोडे लहानच आहेत. आणि जवळून पाहिलं की अंगरख्याच्या चुण्या, पट्ट्याची बकलं, कातड्याच्या वाद्या दिसतात. हे काम करणारा माणूस सैल हाताचा नव्हता.

पण मला मुद्दा वेगळा मांडायचाय. ज्यांना 'शिकार म्हणजे सत्ता' बघायची आहे त्यांनी पोर्कुना सोडून उएल्माला यावं. त्याच प्रांतात, एल पाहारियो नावाच्या जागी, १९९०च्या दशकात हाएन विद्यापीठाचे आर्तुरो रुइझ आणि मानुएल मोलिनोस यांनी खोदकाम केलं. तिथलं स्मारक इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे पोर्कुनाच्या पन्नास-पाऊणशे वर्षं नंतरचं. त्यात एक वीर प्रचंड लांडग्यासमोर उभा आहे. चावा अडवायला हाताला झगा गुंडाळलेला, दुसरा हात फाल्काता या वाकड्या तलवारीवर. झटापट अजून सुरू झालेली नाही, पण पुढच्या क्षणी होणार.

आणि जागा बघा. ती कबर नाही. हान्दुलिया नदीच्या खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं स्मारक. रुइझ-मोलिनोस यांचं म्हणणं असं की हे खोरं ताब्यात घेणाऱ्या सरदाराने इथे आपल्या वीराची गोष्ट उभी केली: रान माजलं होतं, लांडगा त्याचा धनी होता, आमच्या पूर्वजाने त्याला हटवलं, आता हे खोरं आमचं. @खडूस, तुमचं वाक्य जसंच्या तसं इथे लागू पडतं. पोर्कुनाच्या ससेवाल्याला तुम्ही उएल्माचा झगा घालताय.

खडूस_इतिहासप्रेमी

लांडग्यापुढे माझा ससा फिका पडला, कबूल. पण उएल्माला जे उघड बोललं गेलं ते पोर्कुनाला नव्हतंच, असं कसं म्हणता? दोन्हीकडे ग्रिफिन आहे. दोन्हीकडे घोडा आहे.

टवाळ_पोरगं

स्पेनमध्ये ससे एवढे होते की बालेआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांच्या बंदोबस्तासाठी ऑगस्टस बादशहाकडे सैन्य मागितलं, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. तेव्हा हातात ससा धरून उभा असलेला माणूस हा राजाही नाही, पुरोहितही नाही. तो वैतागलेला शेतकरी आहे.

रानवाट

@टवाळ_पोरगं, हसलो. पण बेटांवर धुमाकूळ घातला तो रॅबिट, बिळात राहणारा. पुतळ्यातला आहे हेअर, उघड्या माळावर राहणारा लांब कानांचा. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो म्हणून घोळ होतो. आपल्या रानातला ससा हेअरच. पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा तो रॅबिट. रॅबिट बिळातून हुसकावतात, हेअर वेगाने पळतो, म्हणून त्याला कुत्राच लागतो.

(हो, मी आत्ता खडूसना मदत केली. लक्षात आलंय माझ्या.)

गडवाट_भटक्या

आपल्याकडे याचं अगदी जुळं उदाहरण आहे. कर्नाटकातल्या अतकूरचा वीरगळ, सन ९४९ च्या सुमाराचा. कुत्रा आणि रानडुक्कर समोरासमोर कोरलेत. डुकराशी झुंजताना काळी नावाचा कुत्रा मेला, त्याचं स्मारक. दगडावरच्या लेखात राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा उल्लेख आहे. म्हणजे शिकार, कुत्रा, दगड, राजा, सगळं एका ठिकाणी. पोर्कुनाचा पुतळाही एक प्रकारचा वीरगळच म्हणायचा की!

उलटतपासणी

नाही म्हणायचा. प्रत्येक दगडाला वीरगळ म्हणायची आपली खोड कधी जाणार? मध्ये चौदाशे वर्षं आणि आख्खं पश्चिम आशिया आहे.

उलट अतकूरवरून फरकच दिसतो. तिथे लेख आहे. कुत्र्याचं नाव कळतं, मालक कळतो, कोण कसं मेलं ते कळतं. पोर्कुनाच्या पुतळ्यांवर नाव नाही. इबेरियन लिपीची अक्षरं गोमेझ-मोरेनो यांनी १९२० च्या दशकात लावली, आज ती मोठ्याने वाचता येतात, पण भाषा कळत नाही. नावं तेवढी ओळखू येतात. म्हणून तर आपण इथे सशावरून भांडतोय. तिथे एक ओळ असती तर हा धागा तीन प्रतिसादांत आटोपला असता.

पाथरवटाची_लेक

मला छळणारी गोष्ट कोणीच काढली नाही: हे पुतळे फोडले कोणी?

घडवल्यावर फार काळ न जाता फोडलेत. अंगावर ऊनपावसाची झीज कमी आहे, कडा अजून धारदार आहेत. आपोआप पडून असे तुकडे होत नाहीत, घाव घातलेले आहेत. @खडूस, तुमची बाजू खरी असेल तर कारण सरळ आहे: घराणं पालथं पडलं, दुसऱ्याने त्याची निशाणी फोडली. सत्तेची जाहिरातच आधी फोडतात.

पण मग पुरलं कोणी? तुकडे टेकडीवरून ढकलून दिलेले नाहीत. गोळा केलेत, चरात रचलेत, वर लाद्या ठेवल्यात. आणि तेही इ.स.पू. सातव्या शतकातल्या जुन्या कबरींच्या शेजारी, म्हणजे वाडवडिलांच्या जागेत. फोडणारा इतकी निगा राखत नाही. फोडणारे एक आणि पुरणारे दुसरे असावेत. आमच्याकडे मूर्ती भंगली तर ती उकिरड्यावर टाकत नाहीत. मला तरी ते हात ओळखीचे वाटतात.

हाएनचा_पाहुणा

यावर इथले अभ्यासकही एकमताचे नाहीत. कोणी शेजारच्या टोळीचा हल्ला म्हणतं, कोणी घरातलीच बंडाळी. पण ताई, 'फोडणारे एक, पुरणारे दुसरे' हे मला संग्रहालयात उभं राहून सुचलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. इथे आजही माळरानावर शिकारी कुत्रे सोडून सशामागे धावण्याचा खेळ चालतो. आणि पिंजऱ्यात पाळलेला तित्तर आरवायला लावून रानातला तित्तर जवळ बोलावतात. माझे शेजारी, सत्तरीचे, तित्तराचा पिंजरा घेऊन भल्या पहाटे निघतात. ते राजे नाहीत आणि नोकरही नाहीत. शंभरेक ऑलिव्हची झाडं आहेत त्यांची.

रानवाट

म्हणजे खाऊनपिऊन सुखी बागायतदार. हे चालेल मला.

खडूस_इतिहासप्रेमी

ठीक. पाथरवटाच्या लेकीने खर्च मोजून नोकर काढला, पाहुण्यांनी लांडगा दाखवून माझा राजा काढला. 'कुत्रा धावत नाही' याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण देवाला ससा वाहायला स्वतः कुत्रा घेऊन रानात जाणारा तो कोणीतरी मानाचा असणारच. पुरोहिताला कोणीतरी आणून देतं, हा स्वतः मारून आणतोय. म्हणून 'राजा' मागे घेतो आणि 'मालकाचा थोरला पोरगा' ठेवतो.

उलटतपासणी

थोरला कशावरून?