लव्हेजचे बी कोकणात रुजेल का, आणि त्याचे स्वयंपाकात काय करावे?

गुहागरची परसबाग

नमस्कार. मागच्या वर्षी मी जर्मनीत लेकीकडे चार महिने राहिले. तिच्या अंगणात माणसाच्या उंचीचे लव्हेजचे झाड होते आणि त्याचे एक पान बटाट्याच्या सुपात पडले की घरभर वास सुटत असे. परतल्यावर त्या नावाचे बी मी ऑनलाइन मागवले व जुलैत परसदारच्या वाफ्यात पेरले. वाफ्यातले सगळे पावसाने कुजले. पडवीतल्या कुंडीत जी रोपे आली आहेत, त्यांची पाने शेपूसारखी दोरेदोरे असलेली आहेत आणि चुरडली की चक्क ओव्याचा वास येतो. लेकीकडचे पान तर रुंद आणि चकचकीत होते. माझे काय चुकले? आणि खरे लव्हेज आपल्याकडे येऊ शकते का?

दापोलीकर

ताई, आपल्या कुंडीत आला आहे तो ओवाच. आपले पेरणीत काही चुकलेले नाही, गोंधळ नावाचा आहे. मसाल्याच्या व्यापारात ओव्याच्या दाण्यांना इंग्रजीत 'लव्हेज' म्हणण्याची जुनी सवय आहे, त्यामुळे विक्रेत्याने जाणूनबुजून फसवले असेलच असे नाही. खऱ्या लव्हेजचे शास्त्रीय नाव लेव्हिस्टिकम ऑफिसिनेल. ते आणि ओवा दोन्ही कोथिंबीर-गाजराच्या कुळातले असले तरी झाडे अगदी निराळी आहेत. पुढच्या वेळी बी पेरण्याआधी तळहातावर घेऊन पाहावे. ओव्याचा दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, करडा आणि थायमॉल या द्रव्यामुळे झणझणीत वासाचा असतो, तर लव्हेजचा दाणा त्याच्या दुपटीहून मोठा, चपटा, पिवळट तपकिरी व उभ्या शिरांचा असून त्याला सेलरीसारखा वास येतो.

आता लागवडीविषयी. हे बी जुने झाले की उगवत नाही, एका वर्षातच त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. म्हणून त्याच हंगामाचे बी मिळत असेल तरच घ्यावे. पावसाळ्यात पेरू नये. दिवाळीच्या सुमारास, रात्री गार होऊ लागल्या की, अर्धा सेंटिमीटर खोल पेरून वर बारीक चाळलेली माती भुरभुरावी आणि ओल सुकू देऊ नये. साधारण पंधरा ते वीस अंश तापमानात दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतात. मूळ सरळ खोल जाते, त्यामुळे कुंडी निदान एक फूट खोल हवी. आपल्या जांभ्याच्या मातीत निम्मे शेणखत आणि नारळाच्या सोडणांचा कुजलेला भुसा मिसळल्यास पाणी साचत नाही. सकाळचे ऊन मिळावे, दुपारी मात्र सुपारीची सावली असावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. युरोपात हे झाड बर्फात जमिनीलगत सुकते आणि वसंतात त्याच मुळावरून फुटते, आणि अशीच विश्रांती घेत वर्षानुवर्षे जगते. ती थंडी किनाऱ्यावर मिळत नाही. मी दोन हिवाळे लावले. झाड गुडघ्याच्या वर गेले नाही आणि एप्रिलमध्ये पाने पिवळी पडली. दोन मीटर उंचीची आशा धरू नये. मेथीसारखे एका हंगामाचे समजून मार्चपर्यंत बाहेरची पाने खुडत राहिल्यास निराशा होत नाही.

गुहागरची परसबाग

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. ओव्याची रोपे काढणार नाही, आली आहेत तर वाढवते. दिवाळीला नव्याने प्रयत्न करीन. ही पाने आपल्या जेवणात कशी बसतात, हेही कोणी सांगावे.

वेंगुर्ल्याची सून

मावशी, हात आखडता ठेवावा, हे पहिले. चार माणसांच्या भांड्याला एक लहान पान पुरते आणि ते भांडे उतरवताना घालावे. रुमानियात चोरबा नावाच्या आंबट सुपातही ते शेवटीच घालतात. जर्मनीत याला 'मॅगीचे पान' म्हणतात, कारण 1886 मध्ये बाजारात आलेल्या मॅगीच्या द्रव मसाल्यासारखा त्याचा वास येतो, मात्र त्या मसाल्यात हे पान नसते. आमच्याकडे ते मुगाच्या पातळ वरणात, उकडलेल्या बटाट्यात लोण्यासह आणि अंड्याच्या पोळीत उत्तम लागले. उकड्या तांदळाच्या पेजेत मीठ आणि अर्धे पान घातले, तर आजारी माणूसही आवडीने पितो. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीत मात्र घालू नये. दोन्ही वास एकमेकांशी भांडतात आणि माझ्या मते तिरफळाचा मान मोठा आहे.

भजी करायची असतील तर पानओव्याचे जाड, लवदार पानच घ्यावे. ते तिसरेच झाड असून फांदी खोचली तरी येते. लव्हेजची पाने उरली तर पडवीत सावलीत वाळवून बरणीत भरावीत, वास टिकतो. गरोदरपणी आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे पान टाळावे. खुडताना चीक हाताला लागला तर लगेच धुवावा. न धुता उन्हात गेल्यास काहींच्या कातडीवर फोड येतात.