दाढेत पू असला की भूल का चढत नाही?

प्रश्न: काल दाढ काढायला गेले. लिग्नोकेनची (बधिर करणाऱ्या औषधाची) दोन इंजेक्शनं देऊनही चिमटा लागताच जीव कळवळला. असं का?

उत्तर: फार सोसलंत! मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दुखण्याचा संदेश मज्जातंतूतून पुढे जातो तो सोडियम आत शिरल्यामुळे. ही सोडियमची वाट म्हणजे एकच लांबलचक प्रथिनसाखळी. 4 भाग, प्रत्येकाचे 6 तुकडे पेशीच्या पडद्यातून आरपार. चौथा तुकडा धनभारित. व्होल्टेज बदललं की तो सरकतो, वाट उघडते, सोडियम आत घुसतो. मिलिसेकंदभरात तिसऱ्या-चौथ्या भागांमधला दुवा आतून बुचासारखा बसतो. लिग्नोकेनही ही वाट आतूनच अडवतं.

प्रश्न: आणि पू?

उत्तर: तिथे आम्लता जास्त. औषधाचे बहुतेक रेणू भारित होतात, पडदा ओलांडून आत पोचतच नाहीत.

आणखी एक: माझ्याही खालच्या दाढेत पू होता, तेव्हा जबड्यामागे, पुवापासून लांब इंजेक्शन दिलं. अर्धा ओठ बधिर, दाढ निघाली.