डॅन रीव्ह्ज : चार सुपर बोल हरलेला प्रशिक्षक हॉल ऑफ फेममध्ये हवा की नको?

लांब पल्ला (धागाकर्ता)

डॅन रीव्ह्ज १ जानेवारी २०२२ रोजी गेला, वयाच्या ७७ व्या वर्षी. ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला अजून जागा मिळालेली नाही. माझ्या मते हा उघड अन्याय आहे, म्हणून हा धागा.

अमेरिकन फुटबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा, खेळ चालवणारा खेळाडू आणि रनिंग बॅक म्हणजे त्याच्याकडून चेंडू घेऊन थेट समोरच्या बचावफळीत घुसणारा. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन. सुपर बोल हा हंगामाचा अंतिम सामना. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात आणि त्यातले अवघड यार्ड त्याच्या अंगावर येतात. दर सामन्यात वीसपंचवीस वेळा आडदांड माणसं त्याला जमिनीवर आपटतात. त्यामुळे या जागेवरची कारकीर्द लवकर संपते.

रीव्ह्ज जॉर्जियातल्या अमेरिकस गावात वाढला, साउथ कॅरोलायना विद्यापीठात क्वार्टरबॅक खेळला. १९६५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, त्याला कुणीही घेतलं नाही. डॅलस काउबॉइजने बिनड्राफ्टचा म्हणून करार केला आणि त्यांचा प्रशिक्षक टॉम लँड्रीने त्याला रनिंग बॅक केलं. १९६६ मध्ये या पोराने धावून ७५७ यार्ड, झेल घेऊन ५५७ यार्ड आणि एकूण १६ टचडाउन केले. ३१ डिसेंबर १९६७ ची ग्रीन बेची ती गोठवणारी लढत, उणे २५ अंश सेल्सियसमधली, आजही 'आइस बोल' म्हणून ओळखली जाते. चौथ्या क्वार्टरच्या पहिल्याच डावात रीव्ह्ज चेंडू घेऊन धावायला निघाला, बचाव पुढे आला आणि त्याने लान्स रेंट्झेलकडे ५० यार्डांचा टचडाउन पास टाकला. डॅलस १७-१४ असं पुढे गेलं. शेवटची १३ सेकंद उरली असताना ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टारने सामना फिरवला, ही गोष्ट वेगळी.

पुढच्याच हंगामात गुडघा गेला. धावण्याचा वेग परत आला नाही, पण लँड्रीला त्याच्या डोक्याची किंमत कळली होती. १९७० पासून रीव्ह्ज खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. सव्विसाव्या वर्षी, कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांनाच शिकवायचं! १९८१ मध्ये, ३७ व्या वर्षी, तो डेन्व्हर ब्राँकोसचा मुख्य प्रशिक्षक झाला.

खेळाडू, सहायक आणि मुख्य प्रशिक्षक मिळून नऊ सुपर बोल. नियमित हंगामातले १९० विजय. मुख्य प्रशिक्षक म्हणून चार वेळा अंतिम सामना, चारही हरले, आणि त्याच्याविरुद्ध तेवढंच लक्षात ठेवलं जातं. प्रशिक्षक म्हणून बड ग्रँट चार हरला, मार्व लेव्ही चार हरला. दोघेही कँटनमध्ये आहेत. मग रीव्ह्ज का नाही?

डेन्व्हरकर

धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण असहमत. मी कोलोरॅडोत राहतो. इथल्या जुन्या माणसांसमोर रीव्ह्जचं नाव काढलं की आदर दिसतो, पण त्यापाठोपाठ एक सुस्काराही येतो.

हरला हा मुद्दाच नाही, कसा हरला ते बघा. डेन्व्हरचे तीन सामने: जायंट्सकडून ३९-२०. वॉशिंग्टनकडून ४२-१०. सॅन फ्रान्सिस्कोकडून ५५-१०, आणि ४५ गुणांचा तो फरक आजही सुपर बोलचा विक्रम आहे. तीन सामन्यांत १३६ गुण खाल्ले, आपले ४०. वॉशिंग्टनविरुद्ध १०-० असे पुढे होतो, मग एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी ३५ गुण ठोकले. टिमी स्मिथ नावाचा नवखा रनिंग बॅक २०४ यार्ड धावून गेला. आयुष्यभर धावण्याचा खेळ अभ्यासलेल्या प्रशिक्षकाच्या संघासमोर!

ग्रँट आणि लेव्हीही हरले, पण त्यांचे सामने इतके एकतर्फी नव्हते.

आकडेमोड

डेन्व्हरकर, शेवटचं वाक्य तपासून घ्या. लेव्हीच्या बफेलोने जानेवारी १९९३ मध्ये डॅलसकडून ५२-१७ असा मार खाल्ला आणि पुढच्या वर्षी त्याच संघाकडून ३०-१३. तेव्हा एकतर्फी हार हा निकष लावायचा असेल तर लेव्हीलाही लावावा लागेल.

पण धागाकर्त्यांचा आकडाही अर्धाच आहे. १९० विजयांसोबत १६५ पराभव आणि दोन बरोबरी. ग्रँटचे विजय १५८, पण पराभव फक्त ९६. टक्केवारीत ग्रँट ६२, लेव्ही ५६, रीव्ह्ज साडेत्रेपन्न. तेवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक राहिलं की विजय साठणारच. प्रशिक्षक मार्टी शॉटेनहायमरचे नियमित हंगामातले विजय २०० आहेत आणि तोही बाहेर आहे.

पीचट्रीवरून

अटलांटात बरीच वर्षं काढलेली मराठी बाई आहे, त्यामुळे इथल्या संघाबद्दल, फाल्कन्सबद्दल बोलणारच.

आकडेमोड, टक्केवारी बरोबर आहे. पण हाती काय आलं होतं तेही मोजा. डेन्व्हरनंतर रीव्ह्ज यांनी जायंट्स घेतले तेव्हा आदल्या हंगामात ६-१० (सहा विजय, दहा पराभव) होते, पहिल्याच वर्षी ११-५. फाल्कन्स घेतले तेव्हा ३-१३ होते, दुसऱ्या वर्षी १४-२. पडका संघ हाती घेणाऱ्या माणसाच्या खाती पराभव जमतातच.

१९९८ बद्दल दोन शब्द जास्त बोलते. डिसेंबरमध्ये हंगाम ऐन रंगात असताना रीव्ह्ज यांच्या हृदयावर चौपदरी बायपास झाली. नियमित हंगामाचे शेवटचे दोन सामने सहायक रिच ब्रूक्स यांनी सांभाळले आणि जानेवारीत हा माणूस पुन्हा मैदानाच्या कडेला उभा! मिनेसोटाविरुद्धचा उपांत्य सामना त्यांच्याच घरात, १५-१ असा हंगाम केलेल्या संघाशी. आपण २०-७ असे मागे. त्या हंगामात एकही किक न चुकलेल्या त्यांच्या गॅरी अँडरसनची किक चुकली, आपण बरोबरी साधली आणि जादा वेळेत आपल्या मॉर्टन अँडरसनने किक मारून ३०-२७ ने जिंकून दिलं. मग बायपासला जेमतेम महिना झालेले रीव्ह्ज आपला रनिंग बॅक जमाल अँडरसनचा 'डर्टी बर्ड' नाच करताना साऱ्या अमेरिकेने पाहिले. अटलांटाच्या संघासाठी तोपर्यंत सुपर बोल म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट होती. हे मोजायला टक्केवारी नाही.

चौथा प्रयत्न

ताईंचा प्रतिसाद आवडला, पण त्याच १९९८ चा दुसरा हिशोब मांडतो. जमाल अँडरसनला त्या हंगामात ४१० वेळा चेंडू दिला गेला. तेव्हाचा तो विक्रम. १,८४६ यार्ड मिळाले खरे. पुढच्या हंगामात दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि फाल्कन्स ५-११ वर आले. स्वतःचा गुडघा याच कामात गमावलेल्या माणसाने दुसऱ्या रनिंग बॅकला इतकं राबवावं, हे मला पटत नाही.

आणि मूळ दुखणं डेन्व्हरच्या जॉन एल्वेचं. त्या काळातला सर्वांत जबरदस्त हात असलेला क्वार्टरबॅक दहा हंगाम हाताशी होता. रीव्ह्जने काय केलं? आधी धावा, सावध खेळा, वेळ काढा आणि शेवटच्या पाच मिनिटांत एल्वे वाचवेल. क्लीव्हलंडविरुद्धची ती प्रसिद्ध चढाई, १५ डावांत ९८ यार्ड, ११ जानेवारी १९८७: ती एल्वेची कमाल होती. संघ त्या अवस्थेत पोचलाच का, हे कुणी विचारत नाही.

१९९२ च्या ड्राफ्टमध्ये तर कहर. संघ बफेलोकडून १०-७ असा हरून सुपर बोलपासून एका सामन्यावर थांबला होता. एल्वेला मदत हवी होती. पहिल्या फेरीत घेतलं कुणाला? टॉमी मॅडॉक्स, आणखी एक क्वार्टरबॅक. त्याआधी सहायक प्रशिक्षक माइक शॅनहॅनला काढलं, कारण तो एल्वेशी परस्पर डावपेच ठरवतो असा संशय. रीव्ह्ज डेन्व्हरमधून गेल्यावर पहिल्याच हंगामात, १९९३ मध्ये, एल्वेने ४,०३० यार्ड आणि २५ टचडाउन पास टाकले. कारकिर्दीत पहिल्यांदाच चार हजारांच्या पुढे! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

डेन्व्हरकर

+१. शब्दन् शब्द.

लांब पल्ला

आकडेमोड यांनी शॉटेनहायमरचं नाव काढलं. १९८६ आणि १९८७ च्या हंगामांत सुपर बोलच्या दारात त्याच्या क्लीव्हलंडला अडवणारा रीव्ह्जच होता. दोघांची गाठ पडली तेव्हा कोण पुढे गेलं हे नोंदीत आहे.

चौथा प्रयत्न, १९९३ चा पुरावा तुम्ही अर्ध्यावर सोडलात. त्या चार हजार यार्डांनी डेन्व्हरला काय मिळालं? ९-७, आणि प्लेऑफमध्ये पहिल्याच सामन्यात घरी. एल्वे सुपर बोल जिंकला तो कधी? जानेवारी १९९८ मध्ये, जेव्हा त्याच्या मागे टेरेल डेव्हिस उभा होता. त्या सामन्यात डेव्हिसने १५७ यार्ड आणि तीन टचडाउन केले, एल्वेने एकही टचडाउन पास टाकला नाही. पुढच्या हंगामात डेव्हिस २,००८ यार्ड धावला आणि पुन्हा विजेतेपद. म्हणजे एल्वेला जिंकायला जे लागत होतं ते रीव्ह्ज बारा वर्षं ओरडून सांगत होता: जमिनीवरचा खेळ भक्कम करा. त्याच्याकडे सॅमी विंडर होता, पुढे बॉबी हम्फ्री आला. कष्टाळू, चांगले खेळाडू, पण डेव्हिस नव्हेत.

मॅडॉक्सच्या बाबतीत रीव्ह्जचा बचाव करता येत नाही आणि मी करणारही नाही. ज्याच्या जोरावर संघ उभा आहे त्याला असं दुखवायचं नसतं. पण चार हजार यार्डांवरून रीव्ह्जची खेळाची समज चुकीची ठरवू नका.

आकडेमोड

धागाकर्त्यांच्या बाजूने एक भर. पुढे डेन्व्हरचा मुख्य प्रशिक्षक झालेल्या शॅनहॅनने १९९८ च्या हंगामात डेव्हिसला ३९२ वेळा चेंडू दिला. पुढच्या वर्षी चौथ्या सामन्यात डेव्हिसचाही गुडघा गेला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. म्हणून ४१० चा दोष एकट्या रीव्ह्जवर टाकता येणार नाही. तो काळच तसा होता. शॅनहॅनच्या हाती दोन करंडक आले म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

चौथा प्रयत्न

सगळेच तसं करत होते म्हणून ते योग्य ठरत नाही. आणि 'जमिनीवरचा खेळ' हा मुद्दा असेल तर जानेवारी १९८७ चा सुपर बोल आठवा. डेन्व्हर १०-७ असं पुढे. जायंट्सच्या एक यार्डाच्या रेषेवर चेंडू, पहिला प्रयत्न. एल्वे स्वतः धावला, अडवला. विलहाइट मधून घुसला, अडवला. मग विंडरला कडेने धाडलं आणि चार यार्ड उलट गेले. एकदाही पास नाही. त्यानंतर अनवाणी पायाने किक मारणाऱ्या रिच कार्लिसची २३ यार्डांची सोपी किक चुकली. मध्यंतराला डेन्व्हर जेमतेम १०-९ असं पुढे, आणि उत्तरार्धात जायंट्सने ३० गुण केले. सामना त्या तीन डावांत गेला.

पीचट्रीवरून

त्या तीन डावांतला पहिला एल्वेच्याच पायांवर सोपवला होता, हेही लिहा ना. एक यार्ड हवा असताना रांगेला धक्का देऊन तो मिळवता आला नाही, यात पुढची फळी काय करत होती? त्या जायंट्समध्ये लॉरेन्स टेलर, हॅरी कार्सन, कार्ल बँक्स होते. त्यांच्यापुढे एक यार्ड मागणं म्हणजे भिंतीला वाट मागणं.

आणि रीव्ह्ज यांना फक्त धावणंच कळत होतं म्हणणाऱ्यांनी क्वार्टरबॅक मायकल व्हिक आठवावा. २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळवण्यासाठी सॅन डिएगोशी सौदा करून व्हिकला आणलं. जानेवारी २००३ मध्ये लॅम्बो मैदानावर ग्रीन बेला २७-७ ने हरवलं. प्लेऑफमध्ये ग्रीन बे घरच्या मैदानावर त्याआधी कधीच हरलं नव्हतं! पुढच्या हंगामाआधीच्या सराव सामन्यात व्हिकचा पाय मोडला, संघ कोसळला आणि डिसेंबरमध्ये रीव्ह्ज यांना काढलं.

डेन्व्हरकर

लॅम्बोचा सामना मोठाच, नाकारत नाही. २०१४ मध्ये ब्राँकोसनी त्याला आपल्या रिंग ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. तो मान त्याचाच होता. कँटनला मात्र माझं मत नाहीच. प्रशिक्षक टॉम फ्लोरेसचे नियमित हंगामातले विजय फक्त ९७, पण दोन सुपर बोल जिंकले म्हणून २०२१ मध्ये आत गेला. मुख्य प्रशिक्षकाला मोजतात ते करंडकावरच.

लांब पल्ला

करंडकावरच मोजायचं तर ग्रँट आणि लेव्हीला बाहेर काढा. ते कुणी करणार नाही, करूही नये. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, चोविसाव्या वर्षी गुडघा गमावलेला खेळाडू तीन वेगवेगळ्या संघांना प्लेऑफमध्ये आणि त्यातल्या दोघांना सुपर बोलपर्यंत नेतो. यात समितीला नेमकं काय कमी वाटतं, ते मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही. डेन्व्हरकर, तुम्हीही नाही.