सुपरवायझर नेमण्याआधी त्याला माणसं सांभाळता येतात का, हे तपासायला नको?

भोसरीकर :
आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात एक रीत पक्की आहे. मशिनवर ज्याचा हात सगळ्यात चांगला, तो सुपरवायझर. हिंजवडीत ज्याचा कोड चांगला, तो टीम लीड. त्याला भांडण मिटवता येतं का, चुकलेल्याला चारचौघांत न सोलता चूक दाखवता येते का, नको असलेली बातमी तोंडावर सांगता येते का, हे कुणी विचारत नाही. मग बढतीनंतर दोन दिवसांचं ट्रेनिंग, एक प्रमाणपत्र, झालं.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्याकडे एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) लाइनवर रात्रपाळीचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे भाग, कायम जास्त असायचे. मशिन तपासलं, कूलंट बदललं, मटेरियलचा लॉट बदलला. कारण वेगळंच होतं. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याची, धार गेली की बोअरचं (भोकाचं) माप सरकायला लागतं, हे ऑपरेटरला सगळ्यात आधी कळतं. आवाज बदलतो, धातूची चिप (कीस) वेगळी पडते. पण मशिन थांबवलं की तो वेळ त्याच्या नावावर लिहिला जायचा आणि सुपरवायझर सगळ्या लाइनसमोर त्याचा उद्धार करायचा. म्हणून पोरं गप्प राहून पाळी संपेपर्यंत ओढायची. दुसरा सुपरवायझर आला. तो पाळी सुरू होताना प्रत्येक मशिनपाशी जायचा, विचारायचा आणि ऐकून घ्यायचा. मशिन थांबवणाऱ्याला पहिला प्रश्न "काय दिसलं?" असा असायचा. रिजेक्शन खाली आलं. मशिन तेच, माणसं तीच.

गूगलने २००९ च्या सुमारास आपल्याच व्यवस्थापकांची माहिती तपासली होती. इंजिनिअरांची कंपनी, त्यामुळे तांत्रिक ज्ञान वर येईल असं कुणालाही वाटेल. चांगल्या व्यवस्थापकाची आठ लक्षणं निघाली, त्यात तांत्रिक कौशल्य शेवटचं होतं आणि माणसाला घडवणं पहिलं.

माझं म्हणणं एवढंच : बढती देण्याआधी सहा महिने चार-पाच माणसं हाताखाली द्या, आणि पक्कं करताना त्या चार-पाच जणांच्या मताला निम्मं वजन द्या. माणसं सांभाळणं हा स्वभाव नाही, काम आहे. कामासारखंच तपासलं पाहिजे.

बी_शिफ्ट :
पूर्ण असहमत. मी चाकणमध्ये लाइनवर उभा राहतो, ठेकेदाराकडून. माझ्या डावीकडे कायम कामगार, उजवीकडे ट्रेनी. तिघांचं काम एक, बोल्ट आवळायचा टॉर्क तोच, टार्गेट तेच. पगार तीन. आमचा सुपरवायझर अतिशय भला माणूस आहे. नावाने हाक मारतो, आई आजारी होती तेव्हा रोज विचारायचा. पण तो मला कायम करू शकत नाही, ओव्हरटाइमचा दर वाढवू शकत नाही, आणि ठेकेदाराने उद्या येऊ नको म्हटलं तर तो मला थांबवूही शकत नाही.

कंत्राटी कामगार कायदा १९७० साली आला. बारमाही चालणाऱ्या कामावर कंत्राट ठेवायचं की नाही हा प्रश्न तेव्हापासून उघड्यावर पडलाय. जे द्यायला हवं ते द्यायचं नसलं की कंपन्यांना "संवाद" आठवतो. २०१२ साली हरियाणात मानेसरला मारुतीच्या कारखान्यात हिंसा झाली, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. सुरुवात झाली एका कामगाराच्या आणि सुपरवायझरच्या वादातून. कुणी म्हणेल, बघा, सुपरवायझरला बोलता आलं असतं तर टळलं असतं. पण त्याच्या आधीचं वर्ष तिथे युनियनच्या मान्यतेवरून आणि कंत्राटी कामगारांवरून संप चालू होते, ते विसरून कसं चालेल? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अकरावा_मजला :
मीही विरोधात, पण वेगळ्या कारणाने. आयटीत हे "माणसं सांभाळणं" मोजायला गेलात की जो मीटिंगमध्ये छान बोलतो तो वर जातो. लातूर-नांदेडकडून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी, पण ज्युनिअरला रात्री अकराला शांतपणे बग समजावणारी मुलं मागे राहतात. त्यांच्यात हे कौशल्य नाही असं नाही, ते मोजणाऱ्याच्या नजरेला पडत नाही.

आणि गोड व्यवस्थापकाचा अनुभव सांगते. वर्षभर "छान चाललंय" म्हणत राहिलेला माणूस अप्रेझलला सरासरीच्या खालचं रेटिंग हातात ठेवतो, आणि वर म्हणतो की वरून आलं. बारा महिन्यांत एकदाही त्याने सांगितलं नाही की कुठे कमी पडतेय. कडक पण खरं बोलणारा बॉस मला शंभर पटीने चालेल.

भोसरीकर, तुम्ही गूगलचं दिलंत, तर हेही घ्या. हॉफमन आणि टडेलिस या दोन अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचा अभ्यास केला, २०२१ ला प्रसिद्ध झाला. व्यवस्थापकांचं माप हाताखालच्या लोकांनीच दिलं होतं, तुम्ही म्हणता तसं. चांगल्या व्यवस्थापकांकडची माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण ठळकपणे कमी होतं. कामगिरीच्या बाकीच्या बहुतेक मापांवर मात्र फारसा फरक दिसला नाही. मग निम्मं वजन कशासाठी?

नाइट_सिस्टर :
ताई, तुमचा तो "छान चाललंय" म्हणणारा साहेब माणसं सांभाळत नव्हता, तो स्वतःला सांभाळत होता. खरं सांगायची हिंमत आणि ते ऐकवायची पद्धत, दोन्ही मिळून हे कौशल्य होतं. नुसत्या गोड बोलण्याला ते नाव देऊ नका.

मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे पाळी बदलताना हँडओव्हर असतो. कोणाला कोणतं औषध किती वाजता गेलं, कोणाचं ड्रेन किती भरलं, कोण रात्री बेचैन होतं. नवी मुलगी त्या वेळी "मला हा डोस वाचता आला नाही" असं म्हणू शकते की नाही, यावर पुढचे आठ तास अवलंबून असतात. ओरडणारी इन्चार्ज असेल तर ती मुलगी अंदाजाने पुढे जाते.

संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांवर. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदी उलट निघाल्या, तिथेच जास्त. कारण तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या आणि बाकीच्या ठिकाणी ती दडत होती. अकरावा मजला, तुमच्या अभ्यासात फरक दिसला नाही त्याचं एक कारण हेही असू शकेल की मोजायची गोष्टच चुकली असेल; काय मोजलं जातंय ते तपासायला हवं. आमच्याकडे चुकांचा आकडा कमी दिसणं नेहमी चांगली खूण नसते.

बी शिफ्ट यांच्याशी मात्र मी सहमत आहे. एका परिचारिकेकडे किती रुग्ण द्यायचे ते वर ठरतं. मी कितीही नीट बोलले तरी रात्री तीनला दोन हातांचे चार होत नाहीत.

निवृत्त_पर्सोनेल :
मी पिंपरीत पर्सोनेल खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं जुनं सांगतो. तरुण मंडळींना १९८९ चा सप्टेंबर आठवत नसेल. टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते, हजारोंनी. नेते राजन नायर. कंपनी त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती, वेतनाचा करार दुसऱ्या युनियनशी केला. शेवटी पोलिसांनी रात्री सगळ्यांना उचललं. सगळं पुणे हलून गेलं होतं.

त्या वादात पैसा होताच. पण केवळ पैशासाठी माणूस जेवण सोडून असा रस्त्यावर बसत नाही. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, हा त्यांचा हट्ट होता. कोणाशी बोलायचं हे आम्ही ठरवू, हा कंपनीचा. म्हणून "संवाद" आणि "हक्क" अशा दोन पेट्या करून भांडू नका. आपलं ऐकून घेतलं जाणं हासुद्धा कामगाराचा हक्क असतो, आणि त्याची व्यवस्था कागदावर असावी लागते. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये वर्क्स कमिटी होती ती याच कारणाने. शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात ती नेमायचा आदेश सरकार देऊ शकायचं, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असायचे नाहीत. जिथे ती मनापासून चालवली तिथे कँटीनच्या डाळीपासून बसच्या वेळेपर्यंत शंभर गोष्टी वाढण्याआधी सुटायच्या. जिथे फक्त रजिस्टर भरलं, तिथे घोषणा गेटवर ऐकू यायच्या.

भोसरीकरांच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा, पण एका माणसाच्या स्वभावावर कारखाना सोडू नका. चांगला सुपरवायझर बदली होऊन गेला की दुसऱ्या दिवसापासून काय?

भोसरीकर :
अकरावा मजला, माणसं सोडून न जाणं ही तुम्हाला छोटी गोष्ट वाटते? आमच्याकडे माणूस गेला की नवा मुलगा उभा करायचा, त्याला गेज (माप तपासायचं साधन) धरायला शिकवायचं, आणि तो हाताशी आला की तोही जायचा. लाइनचं अर्धं दुखणं तिथे आहे. भाषेचा मुद्दा मान्य, आणि म्हणूनच मी मुलाखत मागत नाहीये. हाताखालच्यांना विचारा म्हणतोय. रात्री अकराला बग समजावणारा कोण, हे त्या ज्युनिअरलाच माहीत असतं.

बी शिफ्ट, बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतला अभ्यास बघा. तिथल्या कामगार बायकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि संवाद, वेळेचं नियोजन, अडचण मांडणं असं शिकवलं. त्यांची उत्पादकता स्पष्ट वाढली, आणि कंपनीने घातलेले पैसे कितीतरी पटीने परत आले. म्हणजे हे कौशल्य शिकवता येतं आणि त्याला किंमत आहे. ते शिकवायचं तर लाइनवरच्या माणसालाही शिकवा, फक्त साहेबांना नको.

बी_शिफ्ट :
तो अभ्यास मलाही माहीत आहे, आमच्या संघटनेच्या बैठकीत त्यावर बोलणं झालं होतं. तुम्ही अर्धाच सांगितलात. उत्पादकता वाढली, कंपनीचे पैसे परत आले, आणि त्या बायकांचा पगार? जवळजवळ जागच्या जागी. हेही त्याच अभ्यासात आहे. कौशल्य बाईचं, फायदा मालकाचा. माझं म्हणणं याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

अकरावा_मजला :
हे मला माहीत नव्हतं. मग सुपरवायझरला या कौशल्याबद्दल बढती आणि पगारवाढ मिळणार, आणि खालच्याला तेच शिकवलं तर टाळी? भोसरीकर, निम्म्या वजनाबरोबर हेही लिहा की शिकलेल्याच्या पगारात ते दिसलं पाहिजे.

भोसरीकर :
लिहितो. ग्रेड ठरवताना जसं कोणाला किती मशिन चालवता येतात ते मोजतात, तसंच नव्या मुलाला शिकवता येतं का, अडचण वेळेवर वर कळवतो का, हेही धरा आणि त्याचे पैसे द्या. बी शिफ्ट, त्या चार-पाच जणांत ठेकेदाराकडची माणसंही हवीत, त्यांच्याशिवाय लाइनच नाही. आता तरी सहमत?

बी_शिफ्ट :
अर्धा. वर्क्स कमिटीची निवडणूक असो की तुमचं ते मत, आमच्याकडे आजवर कायमवाल्यांनाच विचारलं गेलंय. आणि आम्हाला विचारलं तर आमचं उत्तर काय असणार? चार-पाच जणांतून कोण काय बोललं हे ओळखायला कितीसा वेळ लागतो? सुपरवायझर नाराज झाला तर कायमवाल्याला जास्तीत जास्त वाईट मशिन मिळेल. माझं गेट पास ठेकेदाराच्या हातात आहे. मत दिल्यावर सहा महिने मला काढायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल, आणि ते कंपनीने द्यायचं, ठेकेदाराने नाही. हे तुमच्या एचआरकडून कागदावर आणा. मग मी पहिला मत देतो, आणि आमच्या त्या भल्या सुपरवायझरला पैकीच्या पैकी देतो.