'अँटिमायक्रोबियल पेप्टाइड'ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर: मुरमांवरच्या लेखाचा अनुवाद करून राहिली आहे. बेडूक, मधमाशी, गाय यांच्या अंगात जिवाणू मारणारी पेप्टाइडं असतात, त्यांचं औषध होईल का, हा विषय. गाईच्या पांढऱ्या पेशींतल्या इंडॉलिसिडिन या पेप्टाइडवरून केलेलं ओमिगनान मुरमांच्या रुग्णांवर तपासूनही झालंय. मी 'प्रतिजैविक पेप्टाइड' लिहिलं, ते संपादकांनी खोडलं. मग काय लिहू?

महालवाला: खोडलं ते बरोबरच. नेहमीच्या प्रतिजैविकांना मुरमांचे जिवाणू दाद देईनासे झाले, म्हणून तर हा शोध. दोन्हींना एकच शब्द दिला तर लेखाचा मुद्दाच गेला. 'सूक्ष्मजीवरोधी' लिहा.

काटोलकर: रोधी म्हणजे अडवणारं. हे तर सरळ मारतं. पेप्टाइडवर धनभार, जिवाणूच्या पटलावर ऋणभार; चिकटतं आणि भोकं पाडतं. 'जिवाणूनाशक' म्हणा.

महालवाला: बुरशीवरही चालतं ना भाऊ. जिवाणूनाशक तोकडा पडतो.

वणीकर: १९८७ मध्ये संशोधक मायकेल झासलॉफ यांना आफ्रिकी बेडकाच्या कातडीत असं पेप्टाइड सापडलं. त्याला त्यांनी 'मॅगेनिन' म्हटलं, हिब्रूतल्या ढालीवरून. मग आपण 'ढालप्रथिन' काहून म्हणू नये?

महालवाला: पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन अवघं २६ आम्लांचं. त्याला प्रथिन म्हणवत नाही.

खामलेकर: मला तर 'मुरूम'च खटकतो. आमच्याकडे मुरूम ट्रॅक्टरनं येतो अन् रस्त्यावर पडतो. तारुण्यपीटिका लिहा.

महालवाला: पिटिका. 'पि' ऱ्हस्व.

वणीकर: सुश्रुताचा शब्द घ्या, मुखदूषिका. शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांसारख्या, असं वर्णन आहे. कोवळ्या काटेसावरीच्या खोडावर बोट फिरवून पाहा: काटा बुडाशी रुंद, कातडीतूनच वर आल्यासारखा, टोक अणकुचीदार. इतकं नेमकं कोणी लिहिलं नाही.

खामलेकर: वर्णन छानच. पण माझी पोरगी दहावीत आहे. तोंड दूषित करणारी, असा अर्थ निघणारा शब्द तिनं स्वतःबद्दल काहून वाचावा?

वणीकर: ते दूषण रोगाला आहे, पोरीला नाही. अवघड वाटतात म्हणून जुने शब्द टाकत गेलो तर हाती काय उरेल?

धंतोलीकर: माझी आजी नुसतं 'फोड' म्हणायची, सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावायची. पण पेप्टाइडचं काय ठरलं? लेख आज द्यायचा आहे.

काटोलकर: फोड वेगळा, पुटकुळी वेगळी. फोड मोठा, पाण्यानं नाहीतर पुवानं भरलेला. लेखात दोन्ही एक करू नका.