विषय: बर्फ नको, घाम नको, पाऊस मात्र हवा

मंडळी, नमस्कार.
हे पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मुलं आपापल्या मार्गाला लागली. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच नोकरी न बघता नुसती हवा बघून गाव निवडायचंय. २२ वर्षं दारातला बर्फ उपसला, आता फावडं हातात धरणार नाही. माहेर दादरचं, म्हणजे घामाचा कोटाही पुरा झालाय. पण आषाढातला पाऊस हवा, विजा आणि भज्यांसकट. यांनी एक्सेलमध्ये १४ गावांना गुण दिले, त्यात सॅन डिएगो पहिलं आलं. कुणी राहिलंय का? सिॲटलचंही सांगा, पावसाचं गाव म्हणतात.
– मिनिॲपोलिसकर वहिनी

वहिनी,
ती अफवा आहे. आमच्याकडे वर्षभरात हजार मिलिमीटरसुद्धा पडत नाही. मुंबईत एकट्या जुलैत जवळपास तेवढा कोसळतो. आमचा पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नळ नीट बंद न केल्यासारखा ठिबकत राहतो. गडगडाट क्वचितच. डिसेंबरात संध्याकाळी सव्वाचारच्या सुमारास दिवस संपतो, हे एक्सेलमध्ये आहे का? उन्हाळा मात्र सुंदर. (२०२१चा जून सोडून. पारा ४२ अंशांवर, आणि आमच्या घरात एसी नाही. दुपारभर वाणसामानाच्या दुकानात फिरत होतो.)
– सिॲटलकर

सॅन डिएगोत मी सहा वर्षं काढली. तक्रार करायला जागा नाही, हीच तक्रार. वर्षाला २५० मिलिमीटर पाऊस, तोही हिवाळ्यात. म्हणजे श्रावण कोरडा आणि संक्रांतीला छत्री. मे-जूनमध्ये समुद्रावरून ढग येतात, ते दुपारपर्यंत हलत नाहीत आणि बरसतही नाहीत. शिवाय ‘सॅन डिएगो’ म्हणजे नक्की कुठे? किनाऱ्यावर स्वेटर लागतो त्या दिवशी २५ किलोमीटर आत एल कहोनमध्ये अंगाची लाही होते.
आणि भावजींना सांगा, आर्द्रतेच्या टक्क्यांचा रकाना काढून दवबिंदूचा घाला, म्हणजे हवा किती तापमानापर्यंत थंड झाली की दव पडायला लागतं तो आकडा. थंड पहाटे ९० टक्के आर्द्रता असली तरी घाम येत नाही. दवबिंदू ६० फॅरनहाइटच्या खाली असला तर बरं वाटतं, सत्तरीपुढे चिकचिक. पावसाळ्यात मुंबईचा पंचाहत्तरच्या आसपास असतो.
– आता डॅलसकर (पगारापायी)

वहिनी, ॲरिझोनातल्या टूसॉनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही बाप्पा? मी नागपूरची, मला इथे घरच्यासारखं वाटतं. जून म्हणजे आपला मे, चाळिशीच्या पुढे. पण जुलै लागला की दुपारी डोंगरांवर ढग चढतात आणि चारच्या सुमारास जो कडकडाट होतो! याला इथले लोकही मान्सूनच म्हणतात. वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस त्या अडीच-तीन महिन्यांत. पूर्वी दवबिंदू सलग तीन दिवस ५४ फॅरनहाइटच्या वर राहिला की मान्सून आला असं धरायचे. २००८पासून सरकारी तारखाच ठरल्यात, १५ जून ते ३० सप्टेंबर. ढगांना कळवलंय की नाही, देव जाणे.
कूलरही नागपूरसारखेच, छतावर बसवलेले. हवेत ओल आली की इथेही तसेच निकामी. पहिल्या सरीनंतर क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. मातीच्या वासापेक्षा उग्र, थोडा डांबरासारखा. मला दोन वर्षं लागली आवडायला.
फक्त ऑक्टोबरात बघायला येऊ नका. तेव्हा कुठलंही गाव आवडतं. जूनच्या शेवटी या.
– टूसॉनकर मावशी

मावशी,
एक्सेलमध्ये विजांचा रकानाच नव्हता. यांनी काल घातला, सॅन डिएगो नवव्या नंबरवर गेलं. २० जूनपासून तीन आठवडे तिकडे घर भाड्याने घेतोय. छत्र्या आणू का?
– मिनिॲपोलिसकर वहिनी

छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. बेसन आणा, माझं संपत आलंय. आणि भावजींना सांगा, रस्त्यात कोरडा ओढा दिसला की त्याला ‘वॉश’ म्हणतात. पाणी आल्यावर अडथळा ओलांडून गाडी आत घातली, तर सुटकेचा खर्च चालकाकडून वसूल करायचा कायदा आहे इथे.
– मावशी